दहापैकी साडेपाच

माझा धाकटा भाऊ पाच-सहा वर्षांनी अमेरिकेहून आला, तो एकटाच आणि न कळवता. पुण्याच्या विमानतळावरून फोन केला, "ताई, नगरला येतोय, जेवायला असेल ते चालेल," आणि दुपारी दारात उभा. बायको सोबत नाही, मुलगी नाही. बॅगही एकच. एरवी तो यायचा तेव्हा महिनाभर आधी फोन करून कुणाला काय हवं ते विचारायचा आणि चॉकलेटं, अत्तरं, घड्याळं घेऊन यायचा.

"सगळं ठीक आहे ना?" मी विचारलं.

"ठीक आहे की. का?"

"नाही, सहज."

सहज काही नव्हतं. मी त्याला न्याहाळत होते. वाळला होता. मान रापली होती, कॉलरच्या वर काळपट आणि खाली गोरी. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाच्या मानेला ऊन कुठून लागतं?

संशय घेणं हा माझा स्वभाव आहे की नोकरीनं लावलेली सवय, ते मला आता सांगता येणार नाही. नागापूरच्या एमआयडीसीत दारू भरणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. रसायनशास्त्र शिकले होते, मिळाली ती नोकरी धरली. पुढे माझं नाक चांगलं आहे हे वरच्यांच्या लक्षात आलं आणि मला चव घेणाऱ्यांच्या पॅनेलवर बसवलं. रोज सकाळी काचेच्या छोट्या पेल्यांतून नमुने यायचे. वास घ्यायचा, थोडं तोंडात घोळवायचं, बेसिनमध्ये थुंकायचं आणि मार्क द्यायचे. मळीच्या स्पिरिटचा कुजकट वास राहिलाय का, रंगासाठी जाळलेली साखर जास्त पडली का, बाजारातून परत आलेल्या बाटलीत आमचाच माल आहे की कुणी दुसरंच भरून झाकण बसवलंय. पेल्यात काहीतरी खोट आहे असं धरूनच बसायचं आणि ती सापडली नाही तरच पास करायचं. शेजारीपाजारी मी "अन्नपदार्थांच्या लॅबमध्ये" होते. कुठले अन्नपदार्थ, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कोरोनात माझा वास गेला. काही महिन्यांनी परत आला, पण अधूनमधून वाकडा. साबणाला लसणाचा, चहाला रबराचा. मग मी नोकरी सोडली. अजूनही रोज सकाळी मी ओवा, हिंग आणि कॉफी हुंगून बघते, नाक जाग्यावर आहे ना.

भाऊ आला त्याच संध्याकाळी गावाहून दादाचा फोन. दादा म्हणजे आमचा थोरला भाऊ. आई-वडील गेल्यापासून पारनेर तालुक्यातली शेती तोच बघतो. बाजरी, मूग, थोडा कांदा, अलीकडे डाळिंबाची बाग.

"आला का त्यो?"

"आलाय. अंघोळीला गेलाय."

"कशाला आलाय?"

"मला काय माहीत? म्हणतो, भेटायला."

"भेटायला," दादा म्हणाला. "आगं, सुप्याकडं कारखानं आल्यापास्नं हितं रोज एक एजंट येतो. जिमिनीचं इचारतो. याच्या कानावर गेलं आसंल. आपन तिघं वारस हाय, ध्यानात ठिव."

मी म्हटलं, "तसं काही नसेल." पण फोन ठेवला आणि मी खोलीत गेले. त्याची बॅग उघडीच होती. दोन स्वेटरांमध्ये गुंडाळलेली एक बाटली दिसली. जाड काचेची, बुचाची, बुचावर काळं मेण. लेबल नव्हतं. नुसती एक कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर पेन्सिलीनं ११४ हा आकडा.

दादाशी नुकतंच बोलल्यामुळे मला आधी गट नंबरच आठवला. आमच्या जमिनीचा गट नंबर तो नव्हता, तरी मनातल्या मनात पडताळून पाहिला. मग कळलं, हा प्रूफचा आकडा असणार. अमेरिकेत प्रूफ निम्मं केलं की अल्कोहोलची टक्केवारी निघते. म्हणजे सत्तावन्न. आपल्याकडची व्हिस्की साधारण बेचाळीस-त्रेचाळीसची असते. ही दारू नुसती कडक नव्हती, तोंड पोळणारी होती, आणि बिनलेबलची होती. नाव नसलेल्या बाटल्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या होत्या. त्यातली एकही चांगल्या घरची निघाली नव्हती.

बाथरूमचं दार वाजलं. मी स्वेटर होते तसे केले आणि बाहेर आले. रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या गावाला जाऊ या का? तू, मी, दादा, सगळे एकत्र बसू. एक काम आहे."

"कसलं काम?"

"तिथं गेल्यावर सांगतो."

गावाला निघताना मी दारूत अल्कोहोल किती ते मोजायचं माझं हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि उंच काचेची नळी साडीत गुंडाळून पिशवीत टाकली.

गावी पोचलो तेव्हा वहिनीनं चहा टाकला. दादा पायरीवर बसून राहिला. भावानं त्याला वाकून नमस्कार केला तरी त्याचं लक्ष बॅगेकडंच. भावानं ती तिथंच उघडली, बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे वळला.

"ताई, हिला मार्क दे. दहापैकी. चव बघायची आणि खरं सांगायचं."

"एवढंच काम?" मी विचारलं.

"आधी एवढं कर."

तो 'आधी' ऐकून दादानं माझ्याकडे पाहिलं आणि मी दादाकडे.

"कसली म्हनायची ही?" दादानं विचारलं.

"राय व्हिस्की."

"राई? मोहरीची?"

भाऊ हसला. "मोहरीची राई नाही रे. राय म्हणून धान्य असतं तिकडं. गव्हासारखंच, पण काटक. थंडीत, हलक्या जमिनीत येतं. आपली बाजरी समज."

"बाजरीची दारू," दादा म्हणाला. "आनि ती हितं आनायची, बाजरीच्या गावात."

मी सांगितलं की चव आत्ता नाही. चव घ्यायची ती सकाळी अकराच्या सुमाराला, नाक ताजं असताना, पोट ना रिकामं ना भरलेलं असताना. त्याआधी तासभर चहा नाही, कांदा-लसूण नाही, तंबाखू नाही, आणि घरात उदबत्ती नाही.

"देवाला उदबत्ती न्हाई?" वहिनी म्हणाली.

"संध्याकाळी दोन लावा."

"आन् सकाळच्या पारी दारू?" दादा म्हणाला. "गाव काय म्हनंल?"

"गावाला कशाला सांगायचं? दार लावून घेऊ."

सकाळी वहिनीनं पूजा उरकली, बिनउदबत्तीची, पण ओठ घट्ट मिटून. मी तिला मसाल्याचा डबा घेऊन बसायला सांगितलं आणि डोळे मिटले. ती एकेक वाटी नाकासमोर धरत गेली. जिरं. लवंग. दगडफूल. हळद. पाचव्याला मी अडकले.

"धने?"

"तमालपत्र हाय, ताई."

तमालपत्रासारखा ठसठशीत वास मला धन्याचा वाटला. मी भावाकडे पाहिलं नाही. म्हटलं, चालेल, एवढं नाक पुरे. पण आज जे सांगेन त्यातलं थोडं चुकीचं असू शकतं, हे मनाशी धरलं.

मग मी दादाला म्हटलं, "जोडीला दुसरी व्हिस्की हवी. नुसती एकच दारू घेतली तर जीभ फसते. शेजारी ओळखीची असली की फरक कळतो."

"आपल्या घरात कुठली आसायची," दादा म्हणाला, पण म्हणताना उठला. विहिरीच्या मोटारीच्या खोलीकडे गेला आणि शर्टात काहीतरी लपवून आला. क्वार्टर होती. अर्धी संपलेली.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "आवो, मोटार रातीला नीट बंद होत न्हाई म्हनून रोज बघाया जाता, ती हीच का?"

दादा म्हणाला, "ताईला टेस्टिंगला पायजे."

पुढचं दार लावलं. खिडक्या लोटल्या. आधी मी बाटली तपासली. मेण अखंड होतं, सुरीनं कापावं लागलं. बूच नवं, कोरडं. बाटली उजेडात धरली तर तळाशी काळसर कण होते, जळक्या लाकडाच्या कोळशाचे. नळीत ओतून हायड्रोमीटर सोडलं, थर्मामीटरनं दारूचं तापमान पाहून आकडा दुरुस्त केला. सत्तावन्नच्या जवळपास. आकडा खोटा नव्हता. पण मला कडक दारूचा उलट जास्त संशय येतो. रस्सा फार तिखट असला की त्यात मटण कालचं आहे का परवाचं ते कळत नाही. दारूचंही तसंच असतं.

चार काचेचे कप मांडले, दोन रायचे आणि दोन दादाच्या व्हिस्कीचे, वर बशा झाकून. वहिनीनं ते स्वयंपाकघरात नेऊन अदलाबदल करून आणले. बशी उचलल्याबरोबर कोणता कुठला ते मला कळलं, पण नियम म्हणजे नियम.

दादानं आपला कप घेतला, थुंकायला दिलेलं भांडं बाजूला सारलं आणि गिळला. दुसरा घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून खोकला. "ही काय दारू हाय? पयली लई बेस. धा पैकी आठ."

पहिली त्याचीच होती.

मी रायचा कप नाकापासून लांब धरून हळूहळू जवळ आणला. एवढी कडक असली की नाक थेट आत घालायचं नसतं, ते बधिर होतं. आधी भाजक्या भाकरीचा वास, तव्यावर पापुद्रा करपतो तसा. मग काळी मिरी. आणि मग एक हिरवा वास, जो मी ओळखला पण बोलायला कचरले, कारण व्हिस्कीत तो कधी आला नव्हता आणि नाकाची खात्री नव्हती.

"शेपू," मी म्हटलं.

भाऊ ताठ बसला. "शेपू? खरंच?"

"शेपूची जुडी सोडल्यावर येतो तसा."

"बरोबर. रायला येतो तो. तिथं सगळे हेच म्हणतात."

"तिथं म्हणजे कुठं?"

"म्हणजे... ज्यानं दिली तो मित्र."

एवढ्यात दारावर थाप पडली. पलीकडच्या घरात राहणारे आमचे चुलते होते. त्यांना आम्ही नाना म्हणतो. बाहेरून आवाज आला, "दिवसाढवळ्या दार लावून काय चाललंय रं? वाटन्या करताय व्हय?"

"न्हाई हो नाना, देवाचं हाय," दादा म्हणाला.

"देवाचं? धूप न्हाई, घंटी न्हाई. अमेरिकावाला आलाय म्हनं. मला बलवा की मंग. बांधाचं माझं बी बोलनं राहिलंय."

"सांजच्याला येतो तुमच्याकडं."

नाना गेले नाहीत. त्यांच्या चपला बराच वेळ अंगणात घासत राहिल्या, मग हळूहळू लांब गेल्या. दादा म्हणाला, "बघा. गावाला बी तेच वाटतंय." भाऊ म्हणाला, "काय वाटतंय?" मी पुन्हा रायचा कप उचलला.

मी थोडी तोंडात घेतली. आधी नुसती आग. ती ओसरू दिली. मग ओवा, मिरी, थोडा गोडवा. आणि मागून तुरटपणा, डाळिंबाची साल चावल्यासारखा, जिभेच्या कडा आवळणारा. थुंकले. फिल्टरचं पाणी चमच्यानं घातलं, पुन्हा बशी झाकली. पाणी पडताच दारू किंचित गढूळ झाली.

"भेसळ!" दादा म्हणाला.

"भेसळ नाही. फिल्टर केलेली नाही. आतून जाळलेल्या लाकडी बॅरलमधून काढली ती तशीच भरली." मी कप खाली ठेवला. आता मला एक गोष्ट पक्की कळली होती. ही दुकानातली बाटली नव्हती. कुणीतरी पिंपाला बाटली लावून हातानं भरली होती. "ही कुठून आणलीस?"

"आधी मार्क सांग."

"साडेपाच."

त्यानं बूच उचलून बाटलीला लावलं.

"धान्य चांगलं आहे," मी म्हटलं. "गाळताना कुणी आळस केलेला नाही, घाण वास नाही कुठं. पण घाई केली आहे. लाकूड म्हातारं झालं आणि दारू पोर राहिली. बॅरल छोटं असणार. छोट्या बॅरलमध्ये लाकूड भराभर उतरतं, लोकांना वाटतं दारू मुरली. मुरलेली नसते, रंगलेली असते. आणि पाणी न घालता कडक ठेवली, म्हणजे आगीत ते झाकेल. तुझ्या मित्राला सांग."

"साडेपाच," तो म्हणाला. उठला, मागचं दार उघडून गोठ्याकडे गेला.

दादा लगेच सरकून जवळ आला. "आता बघ. मूड गेला म्हनून बसंल, आन् सांजच्याला जिमिनीचं काढंल."

मी बाहेर गेले. तो गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. गाय त्याच्या बाहीला चाटत होती आणि तो तिला हात देत होता. त्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचा जुना पांढरा डाग होता. मला तसे डाग ठाऊक होते. आमच्या प्लांटमध्ये वाफेच्या पाइपाशी काम करणाऱ्यांच्या हातावर ते असायचे. मी मान, हात, बोटांच्या पेरांवरचे घट्टे एकत्र पाहिले.

"मित्र कुणी नाही," मी म्हटलं.

"नाही."

"तू केलीस ती."

त्यानं मान हलवली. मग सगळं सांगितलं, गाईकडे बघत. नोकरी जाऊन तीन वर्षं होऊन गेली होती. नव्या ठिकाणी कुणी घेईना. घरापासून जवळच एक छोटी डिस्टिलरी होती, तिथं पोती उचलायला माणूस हवा होता. चार महिने म्हणून गेला आणि राहिला. धान्य शिजवतो, भट्टीवर उभा राहतो, बॅरलं लोटतो. बायको नोकरी करते, तिला सगळं माहीत आहे. आम्हाला मात्र तो फोनवर ऑफिस, मीटिंग, प्रोजेक्ट असं सांगत राहिला होता.

"हे पहिलं बॅरल, ज्याचं धान्य मी निवडलं आणि उघडायचा दिवसही मी ठरवला. मालकानं विचारलं होतं, अजून ठेवायचं का? मीच म्हटलं, काढू. मला धीर नव्हता." तो हसला. "तिथं सगळे म्हणाले, ग्रेट. ते लोक कशालाही ग्रेट म्हणतात, ताई. केकला ग्रेट, पावसाला ग्रेट. मला कुणीतरी खरं सांगणारं पाहिजे होतं."

"त्यासाठी एवढ्या लांब आलास?"

"त्यासाठी. आणि हे तुम्हाला फोनवर सांगता येत नव्हतं. ते पण काम होतंच."

दादा आमच्या मागं येऊन कधी उभा राहिला ते कळलं नाही. तो म्हणाला, "म्हंजे जिमिनीचं काय न्हाई?"

"कुठल्या जमिनीचं?"

दादानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. "काय न्हाई. ह्या नानानं डोस्क्यात भरवलं." नाना तर तासाभरापूर्वीच दारावर आले होते, दादाचा फोन परवाचा होता.

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी दुसरीकडे बघितलं. मग त्यानं विचारलं, "आता कळल्यावर मार्क वाढले का?"

"नाही."

"अर्धाही नाही?"

"तुझ्याकडे बघून अर्धा वाढवला तर तू इथपर्यंत आलास कशाला?"

त्यावर तो खूप हसला, आल्यापासून पहिल्यांदा. जेवण होईपर्यंत आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. बॅरल किती मोठं होतं, आतून किती जाळलेलं होतं, कोठार उन्हाच्या बाजूला आहे की सावलीच्या, भट्टीतली पहिली धार केव्हा वेगळी काढतो, मी विचारत गेले आणि तो बोटांवर मोजत सांगत गेला. इतक्या वर्षांत आमच्या दोघांच्या नोकऱ्यांबद्दल आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. तो कॉम्प्युटरवाला, मी अन्नपदार्थांची. वहिनी मधून जाता-येता म्हणाली, "म्हंजे भावजींची हातभट्टी हाय, पर सरकारमान्य." तो म्हणाला, "अगदी बरोबर, वहिनी." तिनं त्याला बाजरीची एक भाकरी जास्त वाढली.

नानांना दादानं संध्याकाळी सांगितलं की धाकटा तिकडं औषधाच्या कारखान्यात मोठा केमिस्ट झालाय आणि औषधाचाच नमुना घरी आणला होता. नानांनी दादाच्या तोंडाजवळ येऊन वास घेतला म्हणे आणि म्हणाले, "औषिद चांगलं दिसतंय." बांधाचं बोलणं त्यांनी तरीही काढलंच.

तो परत निघाला तेव्हा मी त्याच्याबरोबर नगरपर्यंत आले. पुण्याची टॅक्सी खाली येऊन थांबली. बॅग आत ठेवून तो माझ्याजवळ आला.

"ताई, खरं सांग. तुलाही वाटलं होतं मी जमिनीसाठी आलोय?"

"हो."

त्यानं मान डोलावली. रागावला नाही. "न सांगता कुणी एकटा असा आला असता तर मलाही वाटलं असतं," म्हणाला आणि टॅक्सीत बसला.

आता तो रविवारी फोन करतो. दुसरं एक बॅरल त्यानं भरून ठेवलंय, मोठं, सावलीच्या बाजूला, आणि अजून उघडलेलं नाही. मी त्याला घरचं विचारते, मुलीचं विचारते. तो म्हणतो, "सगळं ठीक आहे." पूर्वी मी तेवढ्यावर फोन ठेवायचे.

"ठीक म्हणजे कसं?" मी विचारते.

मग तो सांगायला लागतो.